नगरच्या कृपाबाई आणि मद्रास

चेन्नई आणि ख्रिस्ती धर्म हे दोन शब्द एकत्र उच्चारले की बहुतेकांना संत थॉमसचे नाव आठवते. शहराच्या दक्षिणेला त्याच्या नावाची टेकडी आहे, मैलापूरच्या किनाऱ्यावर त्याच्या समाधीवर बांधलेले भव्य चर्च आहे, आणि येशूच्या या शिष्याला इ. स. ७२ च्या सुमारास येथेच भाल्याने मारण्यात आले अशी परंपरा शतकानुशतके सांगितली जाते. या परंपरेचा ऐतिहासिक आधार कितपत भक्कम आहे, हा विद्वानांचा वाद विद्वानांवर सोपवून मी आज त्याच शहराशी निगडित असलेल्या, पण आपल्याला पुष्कळच जवळच्या असलेल्या एका व्यक्तीविषयी बोलणार आहे. तिच्यावर कोणी भाला उगारला नाही. तिला कोणी तुरुंगात टाकले नाही. ती अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, एक मराठी मुलगी होती. मद्रासमध्ये ती वैद्यक शिकण्यासाठी आली आणि बत्तिसाव्या वर्षी मृत्यू पावली. तिचे नाव कृपाबाई सत्यनाथन, माहेरच्या खिस्ती.

हे माहेरचे आडनाव ऐकून एखाद्याला वाटेल की धर्मांतरानंतरच या घराण्याला ते चिकटले असावे. तसे नाही. खिस्ती हे आपल्याकडील ब्राह्मणांचे जुनेच आडनाव आहे. योगायोग म्हणतात तो असा.

कृपाबाईंचे वडील हरिपंत रामचंद्र खिस्ती हे मुंबई इलाख्यातील अगदी आरंभीच्या ब्राह्मण धर्मांतरितांपैकी एक होत. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली त्यांनी नगरास ठाणे केले. पुढे १८४२ मध्ये याच नगरातून 'ज्ञानोदय' निघू लागला. या दोन घटनांच्या दरम्यान, १८३९ च्या सुमारास, हरिपंतांनी बाप्तिस्मा घेतला. पेशवाई बुडून तेव्हा एकवीसच वर्षे झाली होती. नगरच्या ब्राह्मण आळीतील एखाद्या वृद्धाच्या दृष्टीने ती काल-परवाची गोष्ट होती. राज्य गेले ते गेले, निदान धर्म तरी आपला आपल्या हाती आहे, असे समजणाऱ्या समाजाला आपल्याच पंक्तीतला एक शिकलेला तरुण उठून गोऱ्या पाद्र्याच्या टेबलावर जेवतो, हे दृश्य कसे वाटले असेल याची कल्पना करावी. त्यांचा विरोध केवळ दुष्टपणाचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. त्या विरोधाच्या मुळाशी भय होते, आणि ते भय सर्वस्वी निराधार नव्हते.

मात्र ज्याच्यावर हा विरोध कोसळे त्याला त्याच्या मुळाशी काय आहे याचे काय? ग्रामण्य उभे राहिले की रोटी तुटे, बेटी तुटे, न्हावी दाराशी येईनासा होई, भटजी येईनासा होई, विहिरीवर पाणी भरता येईनासे होई. घरचे लोक जिवंत मुलाचे घटश्राद्ध करून मोकळे होत. आणि त्या माणसाचा वडिलोपार्जित मालमत्तेतील हिस्साही जाई, कारण धर्म सोडणारा वारसा गमावतो असा शास्त्राचा दंडक होता आणि न्यायालये सामान्यतः तो मान्य करीत. हे चित्र बदलले ते १८५० च्या एकविसाव्या कायद्याने. जात गेल्यामुळे किंवा धर्म बदलल्यामुळे कोणाचाही मालमत्तेचा हक्क जाणार नाही, असे या छोट्याशा कायद्याने ठरविले. त्याच्याविरुद्ध कलकत्त्याहून आणि मद्रासहून मोठमोठे अर्ज गेले होते. माझ्यासारख्या सरकारी नोकराला, ज्याचा दिवस कायद्याच्या कलमांच्या संगतीत जातो त्याला, या कायद्याचे नेहमी कुतूहल वाटत आले आहे. हरिपंतांनी धर्मांतर केले ते या कायद्याच्या सुमारे अकरा वर्षे आधी, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांनी काय पणाला लावले होते ते उमगते.

विरोधाचे दुसरे एक अंग त्याच काळात मुंबईस दिसून आले. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, अवघ्या बारा वर्षांच्या सुमाराचा, तोही मिशनच्या आश्रयाला होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि मुलगा वडिलांच्या ताब्यात देण्यात आला. पण खरा पेच त्यानंतरच पडला. पाद्र्यांच्या घरी जेवलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही? घ्यावे, असे बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, आणि तेवढ्यासाठी त्यांनाच स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. म्हणजे जाणाऱ्यालाही शिक्षा आणि परत येऊ पाहणाऱ्याला हात देणाऱ्यालाही शिक्षा! विरोध हा एका पक्षाचा दुसऱ्या पक्षाला असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती या प्रकरणात टिकत नाही.

हरिपंतांच्या कथेत मला सर्वांत अधिक विचारात पाडते ते त्यांच्या पत्नीचे, राधाबाईंचे, चरित्र. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या कोवळ्या वयाच्या होत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते. कृपाबाईंनी पुढे आपल्या 'सगुणा' या आत्मचरित्रात्मक कादंबरीत आईवडिलांची ही कथा थोड्याशा बदललेल्या रूपात सांगितली आहे. त्यातली राधा नवऱ्याच्या घरी येते ती रडत आणि भयभीत होऊन. ती आपले सोवळे सोडीत नाही, आणि नवऱ्याचा देव आपला मानायला काही केल्या तयार होत नाही. एकाच छपराखाली दोन धर्म, आणि दोघेही आपापल्या जागी ठाम! मग हळूहळू, कोणत्याही चमत्काराशिवाय, नवऱ्याचा स्वभाव आणि त्याची सहनशीलता पाहून तिचे मन वळते. कृपाबाईंनी आईच्या या पहिल्या विरोधाची चेष्टा केलेली नाही. तो अज्ञानाचा अंधार होता असा शिक्काही त्यावर मारलेला नाही. आईची ती निष्ठा आणि नंतरची तिची निष्ठा या दोन्ही एकाच मातीच्या होत्या, हे मुलीला कळले होते.

येथे जाता जाता आणखी एका कायद्याचा उल्लेख करतो. पती किंवा पत्नी यांपैकी एकाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दुसऱ्याने त्या एकाच कारणास्तव सहजीवन नाकारले, तर काय करावे यासाठी १८६६ साली एक स्वतंत्र कायदा झाला. अशा प्रकरणी न्यायाधीशाने दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष विचारावे, नकार आला तर एक वर्ष थांबावे, पुन्हा विचारावे, आणि मगच विवाह मोडावा, अशी त्यात तरतूद होती. कायदा करणाऱ्याने मनुष्यस्वभावाला वर्षभराची मुदत दिली होती! राधाबाईंना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला असता तरी हरिपंतांनी वाट पाहिली असती, असे वाटते. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांची हकीकत तर मराठी वाचकाला 'स्मृतिचित्रां'मुळे तोंडपाठ आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे कोणत्याही कायद्याच्या कलमात बसणारी नव्हती.

कृपाबाईंचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ चा. चौदा भावंडांतील त्या तेराव्या. वडील लवकर गेले, आणि मोठ्या भावाने, भास्करने, या बुद्धिमान मुलीला वाचनाची व विचाराची गोडी लावली. तोही अकाली गेला. यानंतर त्यांना मुंबईस मिशनच्या बायकांच्या शाळेत ठेवण्यात आले. तेथे त्यांना औषधोपचाराचे शिक्षण घेण्याचा ध्यास लागला. परपुरुष डॉक्टरासमोर आपल्या देशातील बायका येत नाहीत आणि म्हणून विनाकारण मरतात, हे त्यांनी पाहिले होते. इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्तीही मिळण्याची चिन्हे होती, पण प्रकृती तेथील हवा सोसणार नाही असा वैद्यकीय सल्ला पडला. तेव्हा मद्रास ठरले.

मद्रासच का? कारण तेथील मेडिकल कॉलेजने १८७५ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला होता. सर्जन जनरल एडवर्ड बाल्फोर यांच्या पुरस्काराने मेरी शार्लिब आणि आणखी तीन युरोपीय वंशाच्या स्त्रिया तेथे पहिल्यांदा दाखल झाल्या. लंडनमधले दरवाजे तेव्हा स्त्रियांना अजून पुरतेपणी उघडायचे होते. कृपाबाई १८७८ साली या कॉलेजात आल्या तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. पहिल्या वर्षी त्यांनी उत्तम यश मिळविले आणि पुढच्याच वर्षी त्यांची प्रकृती अशी ढासळली की शिक्षण सोडून पुण्यास बहिणीकडे परतावे लागले. डॉक्टर होणे राहिले ते राहिलेच.

त्यानंतर सुमारे चार वर्षांनी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, दुसरी एक मराठी मुलगी सेरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात उभी राहून अमेरिकेस वैद्यक शिकायला आपण का जात आहोत हे सांगत होती. आनंदीबाई जोशी तेव्हा अठरा वर्षांच्याही नव्हत्या. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी त्या ख्रिस्ती मिशनच्या आवारातच बजावले, आणि ते शब्द त्यांनी खरे करून दाखविले. त्याच वर्षी सप्टेंबरात पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रात गहजब उडाला. तीन मराठी स्त्रिया, जवळजवळ एकाच वयाच्या. तिघींना एकाच प्रकारचे काम करावेसे वाटत होते, आणि तिघींनाही धर्माच्या प्रश्नावर आपल्या आणि परक्या अशा दोन्ही लोकांना तोंड द्यावे लागत होते. आनंदीबाई आणि रमाबाई यांची नावे शाळेतील मुलाला ठाऊक आहेत. कृपाबाईंचे नाव महाराष्ट्र जवळजवळ विसरला, याचे एक कारण त्या मद्रासवासी झाल्या आणि इंग्रजीत लिहू लागल्या हे असावे.

मद्रासमध्ये त्या रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी राहत असत. चिंताद्रिपेट ही कूवम नदीच्या वळणात १७३४ च्या सुमारास विणकरांसाठी वसवलेली वस्ती. तेथील झायन चर्चचे हे धर्मोपदेशक. तेही जन्माने हिंदू आणि तिरुनेलवेलीकडचे, विद्यार्थिदशेत १८४७ च्या सुमारास ख्रिस्ती झालेले. ते वर्ष कोणत्या काळातले? १८४५ साली त्याच तिरुनेलवेली जिल्ह्यात 'विभूती संगम' या संघटनेच्या लोकांनी ख्रिस्ती खेड्यांवर हल्ले केले होते, घरे लुटली होती, आणि त्यावरून मद्रास शहरात मोठे राजकारण माजले होते. नगरचा विरोध बहिष्काराच्या रूपाने आला, तिरुनेलवेलीचा काठ्या घेऊन आला. त्यांच्या पत्नी ॲना या मद्रासमध्ये हिंदू घरांतील मुलींच्या शाळा चालवीत. या कुटुंबाचा मुलगा सॅम्युअल केंब्रिजहून शिकून आला आणि कृपाबाईंचा त्याच्याशी विवाह झाला. वधू मराठी, वर तमिळ, घरातली सामाईक भाषा इंग्रजी, आणि जोडणारा धागा श्रद्धेचा. आज असे विवाह कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. त्या काळी ज्यांची जातच सुटली होती त्यांनाच ते शक्य होते. बहिष्काराचे हे एक अनपेक्षित फळ म्हणता येईल.

पतीची नेमणूक उटकमंडच्या शाळेत झाली. तेथे कृपाबाईंनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली आणि इतरही शाळांत शिकविले. पुढे राजमहेंद्री, मग कुंभकोणम, आणि १८८६ पासून पुन्हा मद्रास. एक मूल झाले ते गेले. प्रकृती कधी बरी, कधी वाईट. या सगळ्यांत लेखन चालू होते. प्रथम 'एक भारतीय स्त्री' एवढ्याच सहीने, मग स्वतःच्या नावाने.

'सगुणा' प्रथम मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात १८८७–८८ मध्ये क्रमशः आली. ही तारीख महत्त्वाची आहे. १८८२ साली थिऑसॉफिकल सोसायटी अड्यारला येऊन स्थिरावली होती आणि हिंदू सुशिक्षितांच्या मनाला तिने नवा आत्मविश्वास दिला होता. १८८४ मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या चमत्कारांवर उघड हल्ला चढविणारा पत्रव्यवहार याच कॉलेजच्या याच मासिकाने छापला होता. १८८७ मध्ये हिंदू ट्रॅक्ट सोसायटी निघाली आणि पाद्र्यांच्याच पद्धतीने पत्रके छापून, रस्त्यावर व्याख्याने देऊन पाद्र्यांना उत्तर देऊ लागली. कॉलेजातील विद्यार्थीही धर्मांतराच्या प्रश्नावरून खवळले होते. शहरात असा वणवा पेटलेला असताना एक धर्मांतरित घराण्यातील स्त्री त्या वादाच्या अगदी मध्यभागी असलेल्या मासिकात आपली कथा सांगू लागते. तेव्हा ती तलवार घेऊनच उतरेल अशी कोणाचीही अपेक्षा असणार.

'सगुणा' वाचणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो येथे. तीत वाद नाही. नगरकडील डोंगर आहेत, भाऊ आहे, आईच्या हातचे काम आहे, आणि आहे एक मुलगी, जिला पुस्तकांवाचून राहवत नाही. श्रद्धा आहे, आणि ती ढळत नाही. पण ती ढळावी म्हणून जो रेटा तिला लागतो तो सर्वस्वी हिंदू शेजाऱ्यांकडून आलेला नाही. त्याचा मोठा भाग स्वधर्मीयांकडून आलेला आहे. मिशनच्या गोऱ्या बायांचा उपकार करण्याचा आविर्भाव सगुणेला डाचतो. आपण एकाच देवाची लेकरे असे तोंडाने म्हणायचे आणि देशी ख्रिस्ती मुलीला मात्र पायरीखाली उभे करायचे, हा विसंगत व्यवहार तिच्या नजरेतून सुटत नाही. दुसरीकडे पोशाख, खाणे, बोलणे यांत इंग्रजांची नक्कल करण्यातच ख्रिस्तीपण आहे असे समजणारे देशी बांधवही तिला तितकेच खटकतात. हिंदू म्हणतात, तू परकी झालीस. गोरे म्हणतात, तू आमची नव्हेस. या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत उभे राहून, मी भारतीय आहे आणि मी ख्रिस्ती आहे, ही दोन्ही विधाने एकाच श्वासात करीत राहणे, हीच कृपाबाईंची खरी परीक्षा होती. माझ्या मते हरिपंतांपेक्षाही ती अधिक कठीण होती. हरिपंतांना आपला विरोधक कोण हे तरी स्पष्ट दिसत होते.

याच प्रश्नाशी मराठीत आणखी काहींनी झुंज दिली आहे. बेळगावचे बाबा पद्मनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तीन वर्षांनी त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. त्यांचा रोख हिंदू विधवांच्या दुःखावर असला तरी त्या दुःखावरचा उपाय म्हणून नवा धर्म वाचकापुढे उघडपणे ठेवलेला आहे. त्यांचा काळच तसा होता. कृपाबाई एका पिढीने पुढच्या होत्या. त्यांना धर्म मिळवायचा नव्हता, तो घरातच मिळाला होता. त्यांना तो आपल्या मातीत रुजवायचा होता.

याची साक्ष त्यांच्या शेवटच्या पुस्तकात सापडते. आजाराने अंथरुणास खिळलेल्या कृपाबाईंनी 'कमला' लिहिली, ती हिंदू जीवनाविषयी. नाशिककडील एका विरक्त विद्वान ब्राह्मणाची ही मुलगी. सासरचा छळ, नवऱ्याची उपेक्षा, त्याचा मृत्यू, वैधव्य, असे तिचे आयुष्य जाते. शेवटी तिच्यावर मनापासून प्रेम करणारा, सुशिक्षित नातलग तिला पुनर्विवाहासाठी विचारतो. सुधारणावादी कादंबरीत येथे नायिकेने होकार द्यावा आणि मिशनच्या पुस्तकात बाप्तिस्मा घ्यावा, अशी वाचकाची तयारी झालेली असते. कमला यांतले काहीच करीत नाही. ती आपल्या धर्माने सांगितलेल्या मार्गावर राहते आणि उरलेले आयुष्य दुसऱ्यांच्या सेवेत घालविते. ज्या लेखिकेच्या घराण्याने आपल्या श्रद्धेसाठी एवढे सोसले, तिने दुसऱ्या धर्मातील स्त्रीच्या निष्ठेला हा मान दिला. काही सुधारकांना हा शेवट आवडत नाही, आणि वैधव्याचा जाच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या आक्षेपात तथ्यही आहे. पण लेखिकेने कमलेला जिंकून आपल्या बाजूला आणले नाही, याचे मोल मला त्या आक्षेपाहून अधिक वाटते.

मद्रासला या वृत्तीचे एक जुने उदाहरण होते, आणि तेही मराठीच. तंजावरचे सरफोजी राजे तरुणपणी भाऊबंदकीतून जीव वाचविण्यासाठी १७९३ मध्ये श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या सल्ल्याने मद्रासेस आणले गेले आणि तेथे मिशनरींच्या हाताखाली शिकले. राजे हिंदूच राहिले, पाद्री पाद्रीच राहिला, आणि गुरूच्या मृत्यूनंतर शिष्याने तंजावरच्या चर्चमध्ये त्याचे संगमरवरी स्मारक उभारले. कृपाबाईंना ही हकीकत ठाऊक असणे अशक्य नाही. त्या कुंभकोणमला होत्या, आणि तंजावर तेथून काही कोसांवर.

'कमला' १८९४ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्यात, कृपाबाई मद्रासला वारल्या. 'सगुणा' पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या मागून, १८९५ मध्ये, आणि संकीर्ण लेखांचा संग्रह १८९६ मध्ये. सॅम्युअल पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १९०६ मध्ये जपानच्या प्रवासात योकोहामा येथे निवर्तले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी कमला यांनी १९०१ मध्ये मद्रासहून भारतीय स्त्रियांसाठी एक इंग्रजी मासिक सुरू केले.

कृपाबाईंच्या नावाने मद्रासमध्ये दोन स्मारके झाली. मद्रास विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी विषयात स्त्रियांमध्ये पहिल्या येणाऱ्या विद्यार्थिनीस त्यांच्या नावाचे पदक ठेवले गेले. आणि ज्या कॉलेजातून त्यांना एका वर्षानंतर आजारी पडून परतावे लागले होते, त्याच मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या मुलींसाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली.